वाटीच्या आतली चकाकी

"पाईप ओढून माणूस आजारी पडला, यात नवल ते काय?" भावजी म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले.

समोरचे दोघे हसले नाहीत. एक होते लाकडी पाईप हाताने घडवणारे कारागीर. दुसऱ्या, त्यांच्याकडे बावीस वर्षं पॉलिशचं काम करणाऱ्या बाई. बाईंनी आपले दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीखाली लपवले होते.

वहिनींनी भावजींकडे नुसतं पाहिलं. भावजींनी हसू आवरलं. धाकटे दीर म्हणून त्यांना घरात पुष्कळ माफ होतं, पण वहिनी कामाला बसल्या की काहीच माफ नसे. विमा कंपनीत वीस वर्षं लोकांची खोटी प्रकरणं उघडी पाडून वहिनी आता स्वतंत्रपणे शोधकाम करत. भावजी, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, वही घेऊन त्यांच्या मागे फिरत आणि दिसेल त्याचं चित्र काढत.

"सुरुवातीपासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

कारागिरांनी सांगितलं. एका प्राध्यापकांनी त्यांच्याकडून पाईप नेला. सात संध्याकाळी मजेत ओढला. आठव्या संध्याकाळी चार झुरक्यांतच घसा जळला, चक्कर आली, उलट्या सुरू झाल्या. एक रात्र दवाखान्यात काढली आणि जिवावरचं थोडक्यात टळलं. तंबाखूखेरीज आणखी काहीतरी जळून छातीत गेलंय, असं डॉक्टर म्हणाले. पाईप उजेडात धरला तर वाटीत आतून चकाकी!

"तंबाखू भरतात त्या वाटीत आम्ही पॉलिश कधीच लावत नाही," कारागीर म्हणाले. "तिथलं लाकूड कोरंच हवं. प्राध्यापक म्हणतात, चूक या बाईंची आहे आणि त्यांना काढून टाकलंय, असं उद्या पाचपर्यंत लिहून द्या. नाहीतर ते तक्रार करणार. मग माझ्या दाराला कुलूपच."

"आणि तुमचं काय म्हणणं?" वहिनींनी बाईंना विचारलं.

"द्या म्हटलंय लिहून. माझ्याच हातून झालं असणार." बाईंचा आवाज खाली गेला. "काम करताना वाटी बुचाने बंद करते मी. त्या दिवशी मापाचं बूच मिळेना, म्हणून फडकं कोंबलं. नजरही आता पहिल्यासारखी नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. पण एक माणूस मरता मरता वाचला हो! तीन दिवस मी या हातांना शिव्या घालतेय. अन्न गोड लागत नाही."

भावजींना मघाचा विनोद आठवून लाज वाटली.

"चला," वहिनी उठल्या. "ते हात काम कसं करतात, ते बघू आधी."

कारखाना म्हणजे एक लांब खोली. भिंतीवर खुंट्यांना अर्धेमुर्धे पाईप, खाली लाकडाचा भुसा, खिडकीपाशी बाईंचं टेबल. टेबलावर दोनच बरण्या होत्या. एकीत चपडा, म्हणजे लाखेच्या मधाच्या रंगाच्या पातळ पापड्या. दुसरीत तोच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवलेला.

"ब्रश कुठाय?" वहिनींनी विचारलं.

"ब्रश नाहीच. त्याच्या रेघा राहतात." बाईंनी मऊ कापडात बांधलेला कापसाचा बोळा उचलला. "याने लावायचं. हलक्या हाताने, आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलात की चिकटलात."

"आणि चुकलं तर?"

"स्पिरिटने पुसायचं. चपडा कितीही वाळलेला असो, स्पिरिट भेटलं की त्याचा ताठा उतरतो."

"दुसरं एखादं वार्निश?"

"माझ्या वडिलांपासून या खोलीत हेच दोन जिन्नस आहेत," कारागीर म्हणाले.

वहिनींनी बाटलीत थोडं स्पिरिट मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आणि भावजी प्राध्यापकांच्या घरी पोहोचले. प्राध्यापक कोट चढवून कॉलेजला निघायच्या तयारीत होते. चेहरा अजून उतरलेला, पण राग मात्र ताजा होता.

"शोध कसला घेताय? चूक कबूल झालीय."

"म्हणूनच घेतेय," वहिनी म्हणाल्या. "इतक्या लवकर कबूल झालेल्या चुका मी फार कमी पाहिल्यात."

भावजींचं लक्ष प्राध्यापकांच्या कोटाकडे होतं. त्यांच्या स्वतःच्या कोटाचं मधलं बटण महिनाभर एका धाग्यावर जीव धरून होतं. प्राध्यापकांची बटणं कशी शिपायासारखी ताठ! प्रत्येक बटणाच्या मधला दोराही चकाकत होता. भावजींनी हेव्याने त्यातल्या एका बटणाचं चित्र काढलं.

वहिनींनी भिंग घेऊन पाईप खिडकीत धरला. "काठाशी जळालंय, तळाशी शाबूत आहे. बारीक बारीक रेघा आहेत. आणि काजळी या चकाकीच्या खाली आहे."

मग त्यांनी कापूस स्पिरिटमध्ये भिजवून पाईपच्या बाहेरच्या अंगाला एका जागी फिरवला. कापसावर मधाचा रंग उतरला. दुसरा कापूस वाटीच्या तळाशी फिरवला. तो निघाला तसाच पांढरा.

"पाईप असतो कुठे?"

"माझ्या टेबलावर. घरात त्याला कुणी हात लावत नाही."

प्राध्यापकांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. नखं लालभडक रंगवलेली, बोलणं मोकळं. "मला त्या धुराचा वास मुळीच सोसत नाही. पण लग्नाआधीच ठाऊक होतं, आता कुरकुर कशाला? मी खिडकी उघडते."

मागच्या खोलीत प्राध्यापकांच्या आई शिवणाचा डबा उघडून मुलाच्या सदऱ्याची बाही सांधत होत्या. भिंतीवर त्यांच्या यजमानांचा फोटो होता, तोंडात पाईप धरलेला.

"यांना जाऊन किती वर्षं झाली?" वहिनींनी विचारलं.

"सहा. त्याआधी अकरा वर्षं खोकत होते. शेवटची दोन वर्षं तर बसूनच झोपायचे." सुई थांबली. "त्या पॉलिशवाल्या बाईंचं काय होणार हो?"

"आज पाचला त्यांची नोकरी जाईल."

म्हाताऱ्या बाईंनी सुई पुन्हा कापडात घातली, ती सरळ बोटातच.

रस्त्यावर आल्यावर भावजी म्हणाले, "वहिनी, वाईट वाटतंय, पण सरळ आहे. पॉलिश फडक्यातून आत झिरपलं."

"झिरपलं असतं, तर काजळी त्याच्या वर बसली असती की खाली?"

भावजी कोपऱ्यापर्यंत विचार करत चालले. "वर," ते म्हणाले आणि मध्येच थांबले. "अरेच्चा!"

"वही द्या इकडे. त्या बटणाचं चित्र मला पाहिजे."

"बटणाचं?"

"तुम्ही माझ्याआधी पाहिलंत, भावजी. फक्त तुम्हाला ते कळलं नाही."

पाचला सगळे प्राध्यापकांच्या दिवाणखान्यात जमले. कारागिरांच्या हातात लिहिलेला कागद होता, फक्त सही बाकी होती. पॉलिशवाल्या बाई दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकल्या होत्या.

"सही करू नका," वहिनी म्हणाल्या. "या बाईंनी काहीही केलेलं नाही."

"मग वाटीत पॉलिश आलं कुठून?" प्राध्यापक ताडकन म्हणाले.

"पॉलिश नाहीच ते. चपडा स्पिरिटने निघतो. बाहेरचा निघाला, आतलं हललंसुद्धा नाही. शिवाय आत ब्रशच्या रेघा आहेत आणि कारखान्यात ब्रशच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काजळी खाली आहे. म्हणजे तुम्ही सात दिवस पाईप ओढलात, आणि मग कुणीतरी आतून हा थर दिला. आणि तेव्हा पाईप या घरात होता."

वहिनी प्राध्यापकांच्या पत्नींकडे वळल्या.

"सूनबाई, तुमचं नखांचा रंग काढायचं पाणी आणता का?"

त्या गोंधळून बाटली घेऊन आल्या. वहिनींनी कापूस भिजवून वाटीच्या तळाशी घासला. चकाकी विरघळली आणि कापसावर काळा डाग उमटला.

"नेलपॉलिश!" भावजी ओरडले, आणि सगळ्यांच्या नजरा त्या लाल नखांकडे वळल्या.

"मी नाही!" प्राध्यापकांच्या पत्नी पांढऱ्याफटक पडल्या. "माझ्याकडे फक्त लाल आहे!"

"बरोबर. लाल असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. हे बिनरंगी आहे. आणि या घरात एक माणूस बिनरंगी नेलपॉलिश वापरतं, पण नखांना नाही." वहिनींनी भावजींची वही उघडली. "बटण शिवलं की दोऱ्यावर एक थेंब लावायचा, म्हणजे दोरा सुटत नाही. जुन्या हाताची युक्ती आहे. प्राध्यापक, तुमची बटणं कोण शिवतं?"

प्राध्यापकांनी उत्तर देण्याआधी आतल्या दारातून आवाज आला.

"मी शिवते. आणि ते मीच केलं."

प्राध्यापकांच्या आई चौकट धरून उभ्या होत्या. "लहानपणी तू अंगठा सोडेनास, तेव्हा मी त्याला कडू लावायचे. सोडलास की नाही? मला वाटलं, तंबाखू कडू लागेल, तोंड वाकडं करशील आणि टाकून देशील. ते पेटेल, तुला असं होईल, हे देवाशपथ माझ्या डोक्यात आलं नाही. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर मी मेल्यासारखी बसले होते. मग तू दुसऱ्याच कुणावर ठपका ठेवलास, आणि माझं तोंड उघडेना." त्या पॉलिशवाल्या बाईंकडे वळल्या. "तुमची मी फार मोठी गुन्हेगार आहे."

"म्हणजे मी नाही?" बाई म्हणाल्या.

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"फडक्यातून झिरपलं नाही?"

"थेंबभरही नाही."

"मी नाही!" बाईंनी कारागिरांकडे पाहिलं. कारागीर केव्हाच कागदाचे तुकडे करत सुटले होते आणि त्यांचेही डोळे भरले होते. बाई हसायला लागल्या, हसता हसता रडल्या, पुन्हा हसल्या. रागवायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

प्राध्यापकांनी मान खाली घातली. मग उठून बाईंसमोर हात जोडून उभे राहिले. "चुकलो. पुरावा न बघता तुमची भाकरी हिरावायला निघालो होतो."

"असू द्या. पाईप आणा इकडे. आतून खरवडून, घासून पुन्हा कोरा करते. पण तयार झाला की देईन तुमच्या आईंच्या हातात. तुम्हाला द्यायचा की नाही, ते त्या ठरवतील."

"आई, नुसतं सांगायचंस गं मला," प्राध्यापक म्हणाले.

"किती वेळा सांगितलं, ते तूच मोज."

प्राध्यापकांनी मोजलं नाही. टेबलावरचा पाईप उचलून त्यांनी बाईंच्या पिशवीत ठेवला. "कोरा करा आणि तुमच्याकडेच ठेवा. मला नको."

आई मटकन खुर्चीत बसल्या. गेल्या सतरा वर्षांचा दम एकदम सोडावा तसा त्यांनी सुस्कारा टाकला.

पॉलिशवाल्या बाईंनी डोळे पुसले आणि जरा संकोचून सगळ्यांकडे पाहिलं. "एक सांगू का? मला ना, फार भूक लागलीय हो."

सासू आणि सून एकदमच स्वयंपाकघराकडे धावल्या.