पेटीबाहेरची शिट्टी

"सासूबाईंच्या पेटीतली शिट्टी गेली, आणि चोर मी ठरले," सून म्हणाली. "ती सापडेपर्यंत या घरात राहू नकोस, असं नवरा म्हणतोय."

खासगी गुप्तहेराने चपला चढवल्या. मागोमाग त्याचा मेहुणा कुरकुरत निघाला. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, पण डोकं बहुधा घरी ठेवून येणारा.

"शिट्टी कुणाची?" वाटेत गुप्तहेराने विचारलं.

"आजेसासऱ्यांची. नावाडी होते ते. दर रविवारी सासूबाई पेटीतली एकेक वस्तू काढून तिची गोष्ट सांगतात. गोष्ट पुरी झाल्याशिवाय वस्तू परत आत जात नाही. घरचा नेमच आहे."

कोंदट खोलीत तिचा नवरा, सासूबाईंचा मुलगा, तोंड फिरवून बसला होता. "शिट्टीची गोष्ट सुरू होती. मध्येच डोकं दुखतंय म्हणून आई आडवी झाली. पेटी हिनं आवरली. आता दुसऱ्या कुणाचं नाव घेऊ?"

"परक्या घरून आलेलीला आमच्या वस्तूंची काय माया?" नणंद म्हणाली.

सासूबाई स्वेटर घालून खाटेवर बसल्या होत्या. चहाचा कप डाव्या हातात. डोळे पुसायला त्यांनी तो खाली ठेवला.

"शिट्टी कशी होती, आजी?"

"मुलाला विचारा."

"आणि तिची गोष्ट?"

"ती सगळ्यांना पाठ आहे."

मेहुणा कुजबुजला, "दाजी, नणंदेनंच ढापली."

"गप रे. चोरी झालेलीच नाही." गुप्तहेर सगळ्यांकडे वळला. "वस्तू हरवलेलं माणूस तिचं वर्णन करताना थकत नाही. आजी मात्र मुलाकडे बोट दाखवतात. एका हातात कप असताना डोळे पुसायला त्यांनी तो खाली ठेवला, कारण दुसरा हात स्वेटरच्या खिशातून निघतच नाही. त्या दिवशी गोष्ट अर्धी राहिली होती. मग नेम मोडून आजी शिट्टी पेटीत कशी जाऊ देतील?" त्याचा आवाज खाली आला. "पुढचं आठवत नाही ना, आजी?"

सासूबाईंनी खिशातून पितळी शिट्टी काढली. "रोज हातात घेऊन बसते. येतच नाही. सुनेवर आळ आला तेव्हा बोलायला हवं होतं मी. पण मग मला विसर पडायला लागलाय हे तुम्हाला कळलं असतं."

"मी सांगतो, आई," मुलगा म्हणाला. "पूर आला होता, आणि आजोबा…" तो अडखळला. त्याने बहिणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती. लहानपणापासून कानावर पडणारी गोष्ट दोघांनी कधी लक्ष देऊन ऐकलीच नव्हती.

सुनेनं शिट्टी हातात घेतली. "पूर होता, त्यात धुकं. काठ दिसत नव्हता. आजोबा शिट्टी वाजवत उभे राहिले. आवाजाच्या रोखानं सगळ्या नावा काठाला लागल्या. धाकट्या भावाची तेवढी राहिली. आजोबा उजाडेपर्यंत वाजवत होते."

"मग? आला का गं भाऊ?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आला, आई."

तिने शिट्टी पेटीत ठेवली. सासूबाईंनी गळ्यातली किल्ली काढून तिच्या गळ्यात घातली. नवरा "चुकलं माझं" म्हणाला. ती पेटीला कुलूप लावत होती, तिने मान वर केली नाही.