तीन ठोके

सुट्टीच्या दिवशी गॅरेज उघडायचं नाही, हा थोरल्याचा नियम धाकट्याने त्याच्या माघारीही वर्षभर पाळला. त्या दुपारी मात्र त्याने शटर अर्धं वर केलं, कारण वहिनी दादाची जुनी मोटरसायकल ढकलत दारात आली होती.

"भावजी, लेक पाचला येतेय. गाडी तिच्याकडे नेते म्हणाली, मलाही नेते. रस्ता लांबचा, आणि या गाडीच्या पोटात काहीतरी वाजतंय."

"माहितेय," धाकटा म्हणाला आणि मान खाली घातली.

माहीत नसायला काय झालं? थोरल्याला सगळी गल्ली डॉक्टर म्हणायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, की गाडी आपलं दुखणं त्याला सांगून मोकळी. पण असं ऐकायला दोघं लागतात. एक कान लावणारा, एक रेस देणारा. त्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून दादा पान्ह्याने गाडीच्या फ्रेमवर ठोके द्यायचा आणि ते धाकट्याला हँडलच्या मुठीत कळायचे. एक ठोका, रेस दे. दोन, कमी कर. तीन, सापडलं, बंद कर. पंचवीस वर्षं दोघा भावांचं निम्मं बोलणं असंच झालं.

मग एका संध्याकाळी दादा म्हणाला, "माझ्याच गाडीत काहीतरी वाजतंय रे. पाच मिनिटं रेस दे."

त्या दिवशी एका हरवलेल्या पान्ह्यावरून दोघांचा खटका उडाला होता आणि धाकटा नाक फुगवून बसला होता. "उद्या बघू," तो म्हणाला. रात्री दादा झोपला तो उठलाच नाही. पान्हा दुसऱ्या दिवशी धाकट्याच्याच खिशात सापडला. तेव्हापासून तो त्याने खिशातून काढून ठेवला नव्हता.

आता त्याने आधी टॅपेट नीट केले, मग टायमिंग चेन ताणली. वहिनीला रेसची मूठ धरायला लावून किक मारली. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं, धुराचा करपट वास कोंदला, आणि खडखड होतीच. त्याने स्क्रूड्रायव्हर कानाला लावला.

इंजिनाचा आवाज रेसबरोबर वाढतो. खडखडही वाढली. पण तिच्या आड आणखी काहीतरी होतं, जे वाढत नव्हतं. एक ठोका. थोडं थांबून पुन्हा एक.

"वहिनी, तुम्ही काही आपटताय का?"

"मी? माझे दोन्ही हात इथे आहेत..."

धाकट्याने कान काढला. त्याने स्क्रूड्रायव्हर भिंतीकडच्या फळीवर ठेवला. "सरका. मूठ मी धरतो."

"मग ऐकणार कोण?"

तो तिच्या जागी जाऊन उभा राहिला.

मूठ हातात घेतली आणि तळव्यात ठोका आला. एक. त्याने रेस दिली. दोन आले, त्याने कमी केली. पुन्हा एक. हात आपसूक चालत होता, वर्ष मध्ये गेलंच नव्हतं जणू. धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. धुरातून खोकल्याच्या गोळीचा वास आला. दादाच्या गालात ती कायम असायची. वहिनीने पदर नाकाला लावला होता, तो हळूच बाजूला केला.

"भावजी... वास..."

"येतोय."

मग तीन ठोके आले.

त्याने गाडी बंद केली नाही. बंद केली की संपलं, एवढंच त्याला कळत होतं. पुन्हा तीन आले, या वेळी चिडून, दादा चिडायचा तसे.

"तीन झाले, भावजी," वहिनी कुजबुजली. "लेकीला याच गाडीवरून जायचंय... बंद करा."

त्याने किल्ली फिरवली. गॅरेजात इतकी शांतता झाली की गरम सायलेन्सरची टिकटिक ऐकू आली. फळीवर ठेवलेला स्क्रूड्रायव्हर आता इंजिनाच्या खालच्या बोल्टला टोक टेकून उभा होता. धाकट्याने भीत भीत मुठीला हात लावला. लाकूड उबदार होतं, नुकताच कोणी कान बाजूला केल्यासारखं.

तो बोल्ट इंजिन फ्रेमला धरून ठेवणारा. अडीच फेरे ढिला निघाला. अर्ध्या रस्त्यात निसटला असता तर पुढचं बोलायला नको. धाकट्याने खिशातल्या पान्ह्याने तो करकचून आवळला आणि पान्हा परत खिशात टाकला. गाडी चालू केली तर नुसती गोड धडधड.

पाचला पुतणी आली. काकाला मिठी मारली, आईला मागे बसवलं. निघताना वहिनीने टाकीवरून हात फिरवला आणि ती म्हणाली, "त्यांची पाच मिनिटं राहिली होती, ती झाली." गाडी वळणाआड गेली. एकदाही खडखडली नाही, आणि धाकट्याला ते ऐकवेना.

तो आत येऊन बाकावर बसला. स्क्रूड्रायव्हर पुसून ठेवायचा, तर त्याने टोक रिकाम्या फरशीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. उगीचच. डोळे मिटले.

एक ठोका.

त्याचा रिकामा हात हवेतच वळला. दोन आले. त्याने हात सैल केला.

"दादा," तो पुटपुटला, "तीन नको देऊस रे... इतक्यात नको."

पुन्हा एकच आला. खणखणीत, लोखंडावर लोखंड पडावं तसा. धाकट्याने खिसा चाचपला. पान्हा खिशात नव्हता.