वाट सांगणारा

शर्यतीच्या सकाळी सुकमाया सायकलच्या चेनला तेल देत होती, तेव्हा गावाकडून आमाचा, तिच्या आईचा, फोन आला.

"आज पच्यू येतोय," आमा म्हणाली. "डमरची जर्सी पाठवलीस का कुणाबरोबर?"

"माझ्या अंगावर आहे."



"गेलेल्याचं कापड अंगावर घालतेस? अर्घौं व्हायच्या आधी?"

"गेला, हे कुणी पाहिलंय?" सुकमाया म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

आता आम्हा गुरुङ लोकांची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस गेला की बांबूचं बाहुलं करायचं आणि त्याच्या अंगावरचं एखादं कापड त्या बाहुल्याला घालायचं. जीव आपलं कापड ओळखतो, येऊन बसतो. मग आमचा पुजारी, म्हणजे पच्यू, ढोल वाजवत त्याला वाट सांगतो. एकेका जागेचं नाव घेत, वर वर, डोंगरापलीकडच्या पूर्वजांच्या गावापर्यंत. हेच अर्घौं. ते झालं की माणूस सुटला, आणि मागे राहिलेलेही सुटले. सुकमायाला नेमकं तेच नको होतं.

डमर तिचा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी पावसाळ्यात याच शर्यतीचा सराव करताना दरड आली आणि तो नदीत गेला. सायकल काठावर मिळाली, तो मिळाला नाही. मिळाला नाही तर मेला कसा, असा या बाईचा हट्ट. पोखऱ्यात चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी, जन्मात कधी शर्यतीत न उतरलेली. पण वर्षभर पहाटे उठून त्याच्याच सायकलीवर चढ चढत राहिली. त्याची शर्यत मी पुरी करते, मग बघू जर्सीचं, म्हणायची. आमा रडायची, पण हिच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही.

मंसिरचे, थंडीचे दिवस. कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, धुळीने दात करकरत होते. मोठे खेळाडू केव्हाच पुढे निघून गेले. मागे उरली हौशी मंडळी. त्यांत भक्तपुरचा तिलक नावाचा एक लठ्ठसा माणूस सुकमायाच्या जोडीने धापा टाकत चालला होता. ओळख सकाळचीच, पण गाव कुठलं, घरी कोण, सगळं विचारून झालं होतं, फोन नंबरही घेऊन झाला होता.

"दिदी, निराश होऊ नका," तो म्हणाला. "आपण शेवटच्यांत आहोत, पण शेवटचे नाही. मागे एक जण झाडाला धरून ओकतोय."

"तुम्ही बोलू नका हो. हसले की पाय थांबतात."

"पाय? माझे तर खालच्या गावातच राहिले."

रान संपलं तिथे धुकं लागलं. तिलक मागे पडला. सुकमायाच्या मांड्यांत पेटके येत होते, छाती फुटेल असं वाटत होतं. आणि एका वळणावर ते सगळं थांबलं. पाय दुखेनात. श्वास लागेना. चढ तसाच खडा होता, पण सायकल उतारावर असल्यासारखी वर चालली. पुढचे दोघे-तिघे तिने मागे टाकले. कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

मग ढोल ऐकू आला. लांबून, धुक्याच्या आतून. आणि त्यावर म्हाताऱ्या गळ्याचा एक संथ आवाज.

"सेतोढुंगा आला... उजवीकडून जा... इथलं पाणी पिऊ नकोस... पुढे चल..."

वळण घेतलं तर समोर सेतोढुंगा, तो मोठा पांढरा दगड.

हे शब्द तिने लहानपणी बाजेच्या, म्हणजे आजोबांच्या, अर्घौंत ऐकले होते. शर्यतवाल्यांनी आखलेली वाट मेंढपाळांची जुनीच वाट होती. मेंढरांची तीच, मेलेल्यांची तीच. आमच्या डोंगरात वर जायला वाटा असतातच किती? सुकमाया घाबरली नाही. तिला वाटलं, गावात पच्यू डमरला वाट सांगतोय आणि जर्सी माझ्या अंगावर, म्हणजे तो इथे माझ्याजवळच आहे. वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

"चल भाइ," ती हळूच म्हणाली. "वरपर्यंत मी येते तुझ्यासोबत."

कुणी ओ दिली नाही.

भेडीखर्काच्या कुरणावर शर्यतवाल्यांचा तंबू होता. पोरी केळी आणि गरम पाणी देत होत्या. सुकमायाने पेला पुढे केला. पोरगी तिच्या मागच्याला पाणी देऊन मोकळी झाली. दुसरीला हाक मारली, तिनेही पाहिलं नाही. किटलीच्या वाफेवर हात धरला तर हाताला ऊब लागेना. थंडीत सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. सुकमायाने तोंडापुढे हात धरून श्वास सोडला. वाफ आली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"पोरी, रागावू नकोस," आमा म्हणाली. तिच्या मागे ढोल वाजत होता. "जर्सीवाचून अडलं नाही बघ. ट्रंकेत त्याचा निळा स्वेटर सापडला, तोच घातला बाहुल्याला. पच्यू म्हणतो, जीव लगेच आला... आणि कसा सरसर चाललाय म्हणे."

"निळा? कोपराला ठिगळ आहे तो?"

"हो, तोच."

"आमा... तो माझा आहे."

ढोल थांबला. फोनमधलाही, आणि धुक्यातलाही.

मग फोनवर पच्यूचा आवाज आला.

"कुठे आहेस तू?"

"भेडीखर्कात."

"मीही तिथेच आलोय. पुढचं नाव अगदी ओठावर होतं." म्हातारा धापा टाकत होता. "नीट ऐक, पोरी. हे अर्ध्यावर सोडता येत नाही. मी नावं उलटी घेत तुला आणतो. आलीस त्याच वाटेने खाली ये. आणि कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

"कोण मारणार हाक?"

ढोल पुन्हा सुरू झाला. सुकमायाने सायकल फिरवली.

पहिल्याच वळणावर मागून आवाज आला.

"दिदी."

याच एका हाकेसाठी तिने वर्ष काढलं होतं. ब्रेकवर बोटं आवळली गेली... तिने ती सोडवली.

"दिदी, थांब ना. मला काही दिसत नाहीये."

धुक्यात पावलं वाजत होती, ओल्या चपलांसारखी.

"दिदी, वर नेते म्हणालीस ना मला? मग कुठे चाललीस?... दिदी, बोल की गं."

तिने जर्सीची बाही दातांत घट्ट धरली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाट दिसत नव्हती. हळूहळू मांड्या ठणकू लागल्या, छाती भरून आली, तोंडातून वाफ निघू लागली. सेतोढुंग्याच्या खाली तिलक सायकल ढकलत वर येत होता.

"अहो दिदी, उलट्या कुठे?" त्याने विचारलं.

तिने त्यालाही ओ दिली नाही. मागची हाक तिथून बारीक होत गेली आणि रानापाशी बंद झाली.

संध्याकाळी ती गावी घरी पोचली. आमाने तिला पोटाशी धरलं, चाचपून पाहिलं, पण रागाचा एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकमायाने स्वतःच्या हातांनी बाहुल्याला जर्सी घातली.

"जाऊ दे त्याला आता," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

पच्यूने ढोल घेतला. पहिल्या जागेचं नाव घेतलं. थोडं थांबून पुन्हा तेच नाव घेतलं. मग त्याने ढोल खाली ठेवला.

"वाटेवर कोणी नाही."

"म्हणजे... जिवंत आहे?"

"काल होता वाटेवर. तुझ्या मागे." म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. "आता नाही. वाट सोडून गेलाय कुठेतरी."

आमा उठली आणि घागर घेऊन अंगणात गेली. सुकमाया बाहुल्यासमोर बसून राहिली. फोन वाजला. तिलक होता.

"दिदी, बरं आहे ना? काल बोललात पण नाही. म्हटलं विचारावं. भाऊ पोचला का?"

"कुणाचा भाऊ?"

"तुमचा. पायी येत होता ना तुमच्या मागून. तोंडावळा तर अगदी तुमचाच. पावसाचा पत्ता नाही आणि हा आपला नखशिखांत ठिबकतोय. म्हणाला, दिदी बोलतच नाही, घरची वाट तरी सांगा. मला बिचाऱ्याची दया आली. तुमचं गाव तुम्ही सांगितलं होतंच. मग नकाशा काढला आणि एकेका जागेचं नाव घेत त्याला वाट सांगितली. दोनदा म्हणून घेतली त्याच्याकडून... हॅलो? दिदी?"

सुकमायाने फोन खाली घेतला. पच्यू दाराकडे पाहत होता.

बाहेर अंगणात घागर खाली ठेवल्याचा आवाज झाला, आणि मग आमाचा.

"अरे, किती भिजलास... ये. आत ये, बाळा."