योसेफ भवनाचा क्रूस

“तुम्ही चोर पकडता म्हणे. मग आळ आलेलं माणूस सोडवताही येत असेल,” ड्रिका स्मुल्डर्सने खुर्चीत बसण्याआधीच सुनावलं.

खाजगी तपासनीस सेफ रायमाकर्सला असं सुनावणारी माणसं आवडत. कोपऱ्यात वॉल्टर मास्तर पाइप ओढत बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सेफच्या तपासात लुडबुड करायचा त्यांना नादच लागला होता. ड्रिकाला ते ओळखत होते, गावात तिला कोण ओळखत नव्हतं? सेंट योसेफ कामगार भवनाची ती वीस वर्षं राखणदारीण. कॅथलिक विणकरांनी सुट्टीच्या दिवशी राबून ते भवन उभारलं होतं. लग्नं तिथेच, बँड तिथेच, स्वस्तातली बिअरही तिथेच. ईस्टरआधीच्या सोमवारी ते जळून खाक झालं.

“रविवारच्या सभेत ठराव आहे,” ड्रिका म्हणाली. “मी शेगडी पेटती ठेवली म्हणून आग लागली, असा. तो मंजूर झाला की भवनाने विधवांना दिलेल्या घरांतली माझी खोली गेली. आणि नाव तर गेलंच.”

“ठेवली होती?”

“सोमवारी पेटवलीच नव्हती! आदल्या दिवशी, रविवारी पेटवली, जुन्या डहाळ्या जाळायला.”

त्या रविवारी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या सणाला, चर्चमधली मिस्सा संपल्यावर तिने भवनातल्या प्रत्येक क्रूसामागची वाळकी डहाळी काढून आशीर्वादाची नवी हिरवी डहाळी खोचली होती. आशीर्वादाची वस्तू कोणी केरात टाकत नाही, म्हणून जुन्या शेगडीत घातल्या.

“सभागृहातल्या मोठ्या क्रूसाचीही?”

“शिडीवर चढून. त्याच्या जुन्या डहाळीला लोकरच नव्हती, कुठे गळून पडली कोण जाणे. मी सगळ्या डहाळ्या गिरणीतल्या माझ्या नवऱ्याच्या जुन्या मागावरच्या लाल लोकरीने बांधते. बांधायचे. नाताळात गिरणी बंद पडली. यंदा आपला पांढरा दोरा.”

“निदान तो क्रूस तरी वाचला,” मास्तर म्हणाले. “भवनाचे अध्यक्ष क्लासेन धुरात शिरले आणि तो घेऊन बाहेर आले. मी डोळ्यांनी पाहिलं.”

“शाळेच्या हॉलमध्ये टांगलाय म्हणे. मला तिथे कोण उभं करतंय?”

ती गेल्यावर मास्तरांनी निकालच देऊन टाकला. “बोगार्टने लावली असणार. समोरच त्याची खानावळ. भवनातल्या स्वस्त बिअरने त्याचा धंदा बसला होता.”

टीस बोगार्ट गल्ल्यामागून त्यांच्यावर खेकसला. “आग लागली तेव्हा मी इथे चाळीस गिऱ्हाइकांना पाजत होतो. विचारा कुणालाही! आणि पेटवायचंच असतं तर भवन भरलेलं असायचं तेव्हा पेटवलं असतं. हल्ली तिथे कुत्रंही फिरकत नव्हतं.”

“क्लासेन मोठे धाडसाचे दिसतात,” सेफ म्हणाला.

“त्या क्रूसासाठी तो नरकातही शिरला असता. त्याच्या बापाने एका फळीतून जुळे क्रूस कोरले, एक भवनाला, एक घराला. भवनातला बापाच्या शवपेटीवर ठेवला होता.”

तरुण फादर मोर्स उघडच बोलले. “शरदात मीच सुचवलं होतं, भवन विकून टाका म्हणून. दुकानवाले तयार होते. क्लासेन माझ्या अंगावर धावून आले. सभासदांनी विक्री नाकारली, आणि त्याच बैठकीत छपराच्या दुरुस्तीलाही नाही म्हणाले.” त्या सोमवारी सायंकाळभर ते पापनिवेदन ऐकत होते. बाहेर रांग लागली होती.

क्लासेनने सेफला आणि मास्तरांना घरात घेऊन कॉफी पाजली. हाताला पट्टी, डोळे सुजलेले. “ड्रिका वाईट नाही हो. वय झालं, विसरली असेल.” त्याच्या पाठीमागे नवं कॅलेंडर होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि वरती भिंतीचा न विटलेला, स्वच्छ पट्टा डोकावत होता.

तिथून ते शाळेच्या हॉलमध्ये गेले. क्रूसापुढे मेणबत्त्या जळत होत्या. सेफ बिनदिक्कत खुर्चीवर चढला. क्रूसामागे लाल लोकरीने बांधलेली एक तपकिरी डहाळी होती.

“बिचारी आगीत करपली,” मास्तर हळहळले.

सेफने लोकरीवर बोट फिरवलं आणि खाली उतरला.

रविवारी हॉल गच्च भरला. ठराव वाचून होताच सेफ उठला आणि त्याने ती डहाळी क्रूसामागून काढून सर्वांसमोर धरली.

“ही मागल्या वर्षीची आहे. आगीने डहाळी करपली म्हणाल, तर आग लोकरीला सोडत नाही. आणि यंदाच्या डहाळ्या पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या. म्हणजे रविवारी ड्रिकाकाकू शिडीवर चढल्या, त्याआधीच हा क्रूस भवनातून गेला होता. भिंतीवर होता त्याचा जुळा, घरातून आणलेला. म्हणून त्याच्या डहाळीला काकूंची लोकर नव्हती, आणि म्हणूनच तुमच्या घरी, अध्यक्ष, कॅलेंडरमागे क्रूसाचा ठसा आहे. जळणार हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानेच बापाचा क्रूस आधी हलवला. सोमवारी तो गुपचूप मागच्या दाराशी आणून ठेवायचा आणि सगळ्यांसमोर धुरातून बाहेर काढायचा, एवढंच उरलं होतं. डहाळी मात्र तुमच्याच्याने फेकवली नाही. आशीर्वादाची ना.”

क्लासेन खुर्चीतून उठला.

“छप्पर गळत होतं,” तो म्हणाला. “मी घरोघर फिरलो. कोणी आलं? सगळ्यांना टीव्ही बघायचा होता! आणखी वर्षभरात तिथे चपलांचं दुकान थाटलं असतं. वाटलं, विम्यातून नवं उभं राहील. आणि जळायला लागलं तेव्हा बरे सगळे जमलात. वर्षभरात एवढी माणसं आत आली नव्हती.”

मास्तरही त्या संध्याकाळी तिथे उभे होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“आणि माझ्यावर का ढकललंत?” ड्रिकाने विचारलं.

“तू एकटीच तिथे रोज असायचीस.”

“मग सांगा सगळ्यांना. स्पष्ट.”

“ड्रिकाने शेगडी पेटती ठेवली नव्हती,” क्लासेन म्हणाला.

ठराव बारगळला. मग मागच्या रांगेतून एक जण पुटपुटला, “म्हणजे आता विमा गेला. नवं भवनही गेलं.” दुसरा जरा मोठ्यानेच म्हणाला, “काकूंनी एक खोली सोडली असती तर काय बिघडलं असतं?”

माणसं ड्रिकाला वळसा घालून बाहेर पडली. तिच्याशी हात मिळवायला एकही थांबला नाही.

ड्रिका सवयीने खुर्च्या आवरू लागली. चार-पाच एकावर एक रचल्या, मग थांबली. कोटाची बटणं लावली आणि बाकीच्या तशाच टाकून निघून गेली.