सत्तेचाळीस नंबरचा नकाशा

हजेरीच्या यंत्राचं आणि खळबाईंचं पहिल्या दिवसापासून वाकडं होतं. बाकीची मंडळी अंगठा टेकवून पुढे सटकत, खळबाईंना मात्र चार-चारदा दाबावं लागे. पस्तीस वर्षं फाटके नकाशे चिकटवून बोटांवर खळीचा थर बसलेला. शिपाई म्हणायचा, "बाई, अंगठा रात्रभर भिजत घालत जा, मग सकाळी आणा." त्यात पात्यानं कापल्याचा एक जुना तिरका वण. यंत्र तो वण पाहून बुचकळ्यात पडायचं आणि शेवटी नाइलाज झाल्यासारखा हिरवा दिवा लावायचं.

मोजणी कचेरीच्या मागच्या अंगाला नकाशांची खोली होती. तीन उंच खिडक्या, एक लांब टेबल, खळीचं पातेलं आणि भिंतभर कपाटं. कपाटांत दोनशे बारा नकाशे, घड्या घालून ठेवलेले. आता घडी म्हणजे नकाशाचा जुना आजार. उभी घडी आणि आडवी घडी जिथं एकमेकींना छेदतात, तिथं कागद आधी मऊ पडतो, मग विरतो, मग भोक पडतं. म्हणून खोलीचा नियमच होता, की दर वर्षी घडी दोन बोटं सरकवायची. हा नियम खळबाईंनी दोनशे अकरा नकाशांना पाळला होता.

उरलेला एक, सत्तेचाळीस नंबरचा, त्यांच्या वडिलांनी मोजलेला. मोजणीची साखळी ओढत, पायी, तीन हिवाळे. त्याच्या घड्याही वडिलांनीच घातलेल्या, आणि त्या मोडायला खळबाईंचा हात कधी धजला नाही. माया आंधळी असते म्हणतात. ही माया कागद खाणारी निघाली. तीन ठिकाणी घड्या छेदत होत्या, त्यांतल्या पहिल्या ठिकाणी अंगठ्याएवढं भोक पडलं होतं. दुसरं ठिकाण उजेडात धरलं की झिरझिरीत दिसायचं.

नवे साहेब संगणकातले. माणूस वाईट नव्हता, पण खिडकीबाहेर पाऊस आहे का हेसुद्धा फोनमध्ये बघायचा.

"बाई, परवा रद्दीची गाडी येतेय," ते म्हणाले. "सगळं स्कॅन झालंय. आता हा कागद कशाला सांभाळायचा?"

"स्कॅन झालंय, पण भोकासकट."

"भोकात जे असेल ते उपग्रह दाखवेल की! आणि तुमच्या या नकाशावर माझं तळ्याकाठचं घर तरी आहे का?"

"घर नाही, तळं आहे. दुसऱ्या, विरलेल्या घडीवर."

साहेब हसले. त्यांनी पडद्यावर भोकातली जागा काढली. डोंगर दिसला, खिंड दिसली, खिंडीतून उतरणारी वाट दिसली. जिथं पाच घरांची वाडी असायला हवी, तिथं पांढुरका डाग.

"ढग असेल."

"मागच्या वर्षीचा फोटो काढा."

काढला. त्याच्या मागच्या वर्षीचाही काढला. डाग तिथंच होता, फक्त मागं जावं तसा जरासा लहान.

साहेबांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. तिथं वाडी आहे असं कुणी प्रत्यक्ष पाहून सांगितलं, तर गाडी रद्द. शब्द देतो."

खळबाईंचा दादा निवृत्त मोजणीदार. पासष्टीचा, पण पाऊल अजून अडीच फुटांचंच पडायचं, ना इंच कमी ना इंच जास्त. अठराव्या वर्षी वडिलांबरोबर साखळीचं दुसरं टोक धरून तो त्या वाडीत जाऊन आला होता.

"गेलोच म्हणून समज," तो म्हणाला. "घरी बसून तरी काय, तुझ्या वहिनीचे टोमणे मोजायचे!"

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच्या बसनं गेला. अकरा वाजता साहेबांच्या पडद्यावर दादाच्या फोनचा निळा ठिपका खिंड चढताना दिसू लागला. खळबाई खुर्चीमागे उभ्या होत्या. पावणेबाराला फोन वाजला.

"बये, ऐकतेयस ना? खिंड ओलांडली. इथून पाच घरं दिसायला हवीत."

"दिसतायत?"

"नाही. वाट आहे, पण पुढं ती... संपते."

"दरड आली असेल."

"दरड मी ओळखत नाही होय? इथं खाली काहीच नाही. आणि काठाला कुसं आहेत, पांढरी, मऊ. ओला कागद फाडला की निघतात ना, तशी."

"दादा, मागं फीर."

फोनमध्ये त्याची चार पावलं ऐकू आली, मग थांबली.

"फिरलोय गं," दादा हळू आवाजात म्हणाला. "मागंही काठच आहे."

फोन बंद झाला. पडद्यावरचा ठिपका नाहीसा झाला.

"नेटवर्क गेलं असेल," साहेब म्हणाले.

"नेटवर्क गेलं की ठिपका होता तिथंच थांबतो. तुम्हीच शिकवलंत."

साहेबांनी शोधपथकाला फोन लावला. पथकाला पोचायला संध्याकाळ होणार होती. "आणि ते वाट कशावर बघणार?" खळबाईंनी विचारलं. साहेबांनी आपल्या पडद्याकडे पाहिलं.

खळबाईंनी पदर खोचला. हे भोक त्यांच्या हलगर्जीपणाचं होतं, आणि ज्यानं फाडलं त्यानंच शिवायचं असतं. पातेल्याखाली शेगडी लावली. वडिलांची मोजणीची वही उघडली: *घरे पाच. विहीर एक. मोठे झाड एक. ओढ्यावर दगडी फरशी. खिंडीतून वाट.* ठिगळाला कागद त्याच जातीचा हवा, म्हणून त्यांनी नकाशाचा खालचा कोरा काठ कापला, वडिलांच्या सहीला लागून.

ठिगळ मागून लावलं. समोरून बारीक टाक शाईत बुडवून वाट जोडली. खिंडीपासून फरशीपर्यंत, फरशीपासून विहिरीपर्यंत. मग घरं. एक, दोन, तीन, चार, पाच. झाड.

तेवढ्यात ठिगळाची वरची कड उचलली गेली.

अशा वेळी टीपकागद ठेवून वर वजन ठेवायचं, उघडं बोट कधी लावायचं नाही. ही त्या खोलीतली पहिली शिकवण. पण टीपकागद कपाटात, कपाट चार पावलांवर, आणि कड उलगडत चाललेली. खळबाईंनी अंगठा टेकवला आणि दाबून धरला.

"किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

"खळ वाळेपर्यंत."

पाच मिनिटांनी अंगठा गार पडला. दहा मिनिटांनी त्याच्याखाली काहीतरी चाललं, मुंगीसारखं, पण मुंगीपेक्षा संथ. खळबाईंनी दात आवळले. अंगठा हलवला नाही.

उचलला तेव्हा ठिगळ पक्कं बसलं होतं. घरांच्या वरच्या मोकळ्या जागेत ओल्या शाईत त्यांचा ठसा उमटला होता, वणासकट.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बये, घरं आली," दादा म्हणाला.

खळबाईंनी नकाशावरची घरं पुन्हा मोजली. "पाच?"

"पाच. फरशीवर उभाय मी. वाट आहे, निघतो आता. पण वरच्या अंगाला एक शेत आहे. बाबांच्या वहीत नव्हतं. तास सरळ नाहीत, गोल गोल गेलेत, एकात एक. आणि मधून तिरकी पायवाट."

खळबाईंनी मूठ मिटली.

"माणसं आहेत?"

"आहेत ना. नांगर धरून फिरतायत. मी हाक मारली. सगळ्यांनी एकदम पाहिलं."

"तुझ्याकडे?"

"नाही गं. वर."

दादा संध्याकाळच्या बसनं आला. वहिनींनी आधी टोमणा मारला आणि मग डोळे पुसले. त्याच्या सदऱ्याला ताज्या खळीचा वास येत होता.

सकाळी यंत्रापुढे रांग लागली होती. खळबाईंनी अंगठा टेकवला. चारदा, आठदा. हिरवा दिवा लागला नाही.

"काल भिजत घातला की काय?" शिपाई म्हणाला आणि त्यानं अंगठा उलटून पाहिला. अंगठ्यावर एकही रेघ नव्हती. वण नव्हता. नुसतं गुळगुळीत, कोऱ्या कागदासारखं.

साहेबांनी शब्द पाळला. रद्दीची गाडी फाटकातूनच परत पाठवली. मग त्यांनी पडद्यावर ती जागा काढली. वाडी होती, पाच घरं होती आणि वर ते शेत. साहेब बराच वेळ शेताकडे पाहत राहिले, मग खळबाईंच्या हाताकडे.

"यंत्रात दुसरं बोट नोंदवू तुमचं," एवढंच म्हणाले.

"नोंदवा. उजव्या हाताची अजून चार आहेत," खळबाई म्हणाल्या आणि सत्तेचाळीस नंबर टेबलावर पसरायला गेल्या.

साडेअकराला साहेब नकाशांच्या खोलीत आले. फोन कानाला होता.

"बाई," ते म्हणाले, "बायको सांगतेय, तळं दिसत नाही. फाटकापुढचा रस्ता... कडेला काहीतरी पांढरं..."

खळबाईंनी नकाशा उजेडात धरला. दुसऱ्या घडीवर सुईच्या टोकाएवढा प्रकाश आरपार येत होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो मोहरीएवढा झाला.

"घरात कोण कोण आहे?"

"ती आणि दोन्ही मुली."

"फोन ठेवू नका. त्यांना म्हणावं, अंगणात यायचं नाही." त्यांनी पातेल्याखालची शेगडी पेटवली. पातं घेतलं, काठाचा आणखी एक तुकडा कापला. "तळ्यापासून फाटक किती पावलं?"

"माहीत नाही! मी कधी मोजलं नाही!"

"मग आठवा. मी काढते तोवर."

साहेब डोळे मिटून बोलत गेले. खळबाई काढत गेल्या. तळं, रस्ता, फाटक, घर. नकाशावर ते घर पहिल्यांदाच येत होतं.

कड उचलली गेली.

खळबाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. मग साहेबांचा हात धरला.

"घर तुमचं. अंगठा तुमचाच लागेल."

साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. मग अंगठा टेकवला आणि दाबला.

खोलीत फक्त खळ रटरटत होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. साहेबांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"बाई," ते कुजबुजले, "खाली कुणीतरी चालतंय."

"हलू नका," खळबाई म्हणाल्या. "तुमच्याच घरचे असतील."