बापाचा डोळा

चौऱ्याहत्तर सालचा चैत्र. आखाडा बाळापूरच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. माझ्या बापाच्या, कोंडीबाच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून मांस वाढत पार बुबुळावर चढलं होतं. त्याला बाकावर बसवून मी पाणी आणायला गेले, तर एक कंपाउंडर उकळत्या भांड्यातून काढलेल्या चिमट्यांवर फुंकर मारून राहिला!

"फुंकायचंच होतं तर उकळले काहून?" मी म्हणले.

तो दचकला. कानापर्यंत लाल. "डॉक्टरांना सांगू नका... तुमची जीभ या चिमट्यांपरीस गरम हाय."

"मग लांब उभं राहा."

"नाव तर सांगा."

"चांगुणा. तुमचं?"

"हरिचंद." अन् असा बघत राहिला, की मी पटकन पदर डाव्या डोळ्यावर ओढला. त्या डोळ्यात माझ्याबी तांदळाच्या कणीएवढं मांस होतं. आत्यालाबी तेच. मला बघायला आलेली दोन स्थळं त्यापायी परत गेली होती.

बापाची पाळी आली. हरिचंदनं बॅटरी धरली. डॉक्टर म्हणाले, "ऊन-धूळ सगळ्यांनाच लागते. पण काही घराण्यांत हे रक्तातच असतं, लेकरांना लवकर धरतं. घरात आणखी कोणाला आहे?"

हरिचंदनं माझ्याकडं बघितलं. "हे तुमचे वडील?"

कोणापुढं न अडणारी माझी जीभ... "न्हाई. शेजारचे हायत."

बापानं मान वर केली. डोळा लालभडक, पाणी गळणारा.

"व्हय साहेब," तो हळू म्हणला. "शेजारची पोरगी हाय. लई गुणाची."

अन् चाचपडत एकटाच बाहेर गेला, लिंबाखाली बसला.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. हरिचंद मलमाची नळी घेऊन आला. मी पदर बाजूला केला. "तो माझा बाप हाय. अन् हे बघा... मलाबी हाय."

"दिसलं होतं."

"कवा?"

"चिमट्यावरून भांडत होता तवाच. भांडताना पदराची याद कुठं राहते तुमाला?"

"मग वडील हायत का म्हणून विचारलं काहून?"

तो नळीचं झाकण फिरवत राहिला. "मागणी... कोणाकडं घालायची, ते कळावं म्हणून."

मी लिंबाकडं बोट केलं.

दोघं लिंबाखाली गेलो. हरिचंदनं जे विचारायचं ते बापाला विचारलं. बाप म्हणला, "उद्या हिच्या लेकराच्या डोळ्यात हेच उगवलं तर?"

"उन्हात टोपी घालीन त्याला, मामा."

भोवतालचे पेशंट हसले. बापबी हसला. मला मात्र त्याच्याकडं बघवेना. मी खाली बसले, हरिचंदच्या हातातली नळी घेऊन उघडली, बापाची हनुवटी वर केली.

"हलू नको, बाबा," मी म्हणले. पार शाळेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल असं.