शिडीखालच्या चपला

बस गं प्राजक्ता. पाय लई दुखत्यात, न्हाईतर मीच आले असते तुझ्याकडं. दिवा ऱ्हाऊ दे लागलेला.

आमचा विलास चाकणला शेडात फिटर हाय, तुला ठावं हाय. त्याच्या मालकानं, उद्धवरावानं, मुंबईकडनं जुनी शिडाची होडी आनली, ट्रेलरवर घालून. नीट करून इकायची. पन तिच्या पोटात ओल. बोल्ट गंजून फुगल्याले, हात लावला की पापुद्रं निघायचं. विलास रोज सांजच्याला कोरडं करून यायचा, सकाळी परत पानी. वर छप्पर, दर्या घाटाखाली... आन् पानी खारट! मालक म्हनला, "परवा गिऱ्हाईक यायचंय. पानी दिसलं, तर दुसऱ्या दिसापासनं तू दिसू नको."

पोरगं जेवंना. मग मीच गेले दुपारचा डबा घेऊन, आन् संगं कळीचा चुना. ओल पितो तो.

तितं एक नेम हाय. होडीत शिरायचं तर चपला शिडीखाली काढायच्या. चपला दिसल्या म्हंजी आत मानूस हाय, होडीच्या तोंडावरचं झाकन लावायचं न्हाई. विलास दिसंना. म्हनलं, आल्यावर जरा भ्या दावू त्याला. चपला पिशवीत घातल्या आन् शिरले आत. वाट्यांत चुना मांडला, फळ्या पुसल्या. कंबर पार मोडली गं. पिशवी उशाला घेऊन पडले. वास असा, जसा तोंडात गंजका खिळा धरलाय.

धाडकन झाकन लागलं. धूळ नको म्हनून विलासनंच लावलं, चपला न्हाईत बघून. मिट्ट काळोख. मी वाजवलं, टक टक.

टक टक... आलं. पन वरनं न्हाई. फळ्यांखालनं.

"विल्या, आईची चेष्टा करतो व्हय रं?"

पाठीखालची फळी गार पडली. "सरका जरा..." कुनीतरी हळूच म्हनलं. "लई दमलोय... घरी जायचंय..."

मला वाटलं, ह्योच आवाज बदलून बोलतोय. म्हनलं, "मग चल की माझ्यासंगं!"

लई येळानं झाकन उघडलं.

"आई! तू कवा आलीस?"

"आत्ता बोलत व्हतास की!"

"म्या? रस्त्यापल्याड चहाला गेलतो. आलो तर खाली चपला दिसल्या, म्हनून उघडलं."

माझ्या तर पिशवीत व्हत्या.

खाली उतरले. जोड व्हती. बाप्याची. ओली, मिठानं पांढरी. टाचा शिडीकडं, तोंड दाराकडं.

दुसऱ्या दिशी होडी ठनठनीत कोरडी. गिऱ्हाईक खूश, विलासची नोकरी ऱ्हायली.

पन ही भिंत बघ. तिसरा मजला, ह्या बाजूला नळ न्हाई, आन् ओल कशी चढतीया. बोट लाव, चाटून बघ. हसू नको गं, आज चेष्टा न्हाई.

विलास शिफ्टला गेलाय. दारात माझी जोड आन् तुझी. ती तिसरी... तू आलीस तवा ओलीच व्हती का गं?